खर्च लिहायला सुरुवात कशी करायची: सांगलीकडच्या घरांसाठी, पायरी पायरीने

एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरलेली रक्कम) कितीची लावू, टर्म इन्शुरन्स (माणूस गेला तरच घरच्यांना पैसे मिळणारा विमा) केवढ्याचा घेऊ, प्लॉट घ्यावा का सोनं, असं कोणी विचारलं की मी आधी उलटं विचारतो, घरखर्च महिन्याला किती येतो? बहुतेक जण पटकन एक आकडा सांगतात, असेल की वीस-बावीस हजार. तो आकडा जवळजवळ कायम कमी निघतो, कारण त्यात भाडं, किराणा, दूध, पेट्रोल धरलेलं असतं, पण जूनमधली फी, वर्षाची चटणी, गावची जत्रा, गणपती-दिवाळी, भावकीतली लग्नं, गाडीचा विमा यातलं काहीच धरलेलं नसतं. हे सगळं दरवर्षी येतंच, तरी दरवर्षी आपण म्हणतो की यंदा अचानक खर्च निघाला.

ज्यांचा पगार नुकताच सुरू झालाय, किंवा लग्न होऊन वेगळं बिऱ्हाड केलंय, आणि कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमच्या घरी गेली काही वर्षं खर्च लिहिला जातो. मी कुपवाड एमआयडीसीत अकाउंट्सचं काम बघतो, मिसेस घरी क्लासेस घेतात, आई-वडील पलूसकडं गावी असतात, तिथं ऊस आणि दोन म्हशी. म्हणजे पगार, क्लासची फी, दुधाचं बिल, ऊसबिल असे चार वाटांनी पैसे येणारं घर आहे, त्यामुळं नुसत्या पगारदारांसाठी लिहिलेली कोष्टकं आम्हाला कधी पुरली नाहीत. खाली जे सांगतोय ते अशा घरात चालणारं आहे.

आधी हे जमवून ठेवा

- एक दोनशे पानी वही, किंवा मोबाईलवर गुगल शीट
- बँकेचं मागच्या १२ महिन्यांचं स्टेटमेंट किंवा भरलेलं पासबुक, घरात जितकी खाती असतील तितक्यांचं
- फोनपे, गुगल पे, भीम, जे वापरता त्यातली हिस्ट्री
- महावितरणची बिलं, गॅस बुकिंगचे मेसेज, रिचार्जचे मेसेज
- विम्याच्या पावत्या, कर्जाच्या हप्त्यांचा तक्ता
- वाण्याची उधारीची वही, भिशीचं कार्ड, पिग्मीचं पुस्तक
- गावाकडं शेती असेल तर दूधबिलं, ऊसबिल, विकास सोसायटीचा खातेउतारा

सगळं एका दिवसात मिळणार नाही, मिळेल तसं एका पिशवीत टाकत जा. यासाठी थांबायची मात्र गरज नाही, लिहायला आजच सुरू करा.

१. तुमचा महिना कुठून कुठपर्यंत ते ठरवा

पगार ७ तारखेला होत असेल तर तुमचा महिना ७ ते ६. १ ते ३० धरलं की पहिल्या आठवड्यातला खर्च मागच्या पगारातून होतो आणि काय कशातून गेलं ते लागत नाही. घरात दोन कमावते असतील तर मोठा पगार ज्या तारखेला होतो ती धरा.

२. वही का मोबाईल, एकदाच ठरवा

दोन्ही चालतं. घरात मोठी माणसं लिहिणार असतील तर वहीच बरी, फ्रिजवर किंवा टीव्हीच्या कपाटात पेन बांधून ठेवायची. दोघं-तिघं वेगवेगळ्या ठिकाणाहून लिहिणार असतील तर सगळ्यांना उघडेल अशी एकच शीट करा.

खर्च लिहायची अ‍ॅप बरीच आहेत, त्यातली काही तुमचे एसएमएस वाचून आपोआप नोंद करतात. सोपं वाटतं, पण एसएमएस वाचायची परवानगी म्हणजे बँकेचे सगळे मेसेज दुसऱ्याच्या हातात, त्यामुळं कोण चालवतंय ते माहीत नसलेल्या अ‍ॅपला ती देऊ नका. आणि आपोआप नोंद होते तिथं आपण बघायचंच सोडून देतो. मला हातानं लिहिणंच पटतं, लिहिताना पैसा गेल्याचं कळतं तरी.

३. पहिला महिना नुसतं लिहा, काटकसर करू नका

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि सगळ्यात जास्त लोक इथंच चुकतात. वही आणली की लगेच बाहेरचं खाणं बंद, सिनेमा बंद, पोरांचं आईस्क्रीम बंद. मग पंधरा दिवसांत घरातले वैतागतात आणि वही कोपऱ्यात जाते. पहिल्या महिन्यात नेहमीसारखंच वागा. आपलं घर खरं किती खातं तेच बघायचंय, त्या महिन्यात हात आखडता घेतला तर आकडाच खोटा मिळेल.

लिहायचं पण थोडक्यात. आमच्या वहीतला एक दिवस असा दिसतो:

ता. १२
मंडई, भाजी १४०, रोख
पेट्रोल ३००, यूपीआय
पाव किलो भडंग ७०, यूपीआय
चित्रकलेची वही ८५, रोख
वाणी ४१०, उधार
भिशी २०००, बचत

बस, एवढंच. किती, कशावर आणि पैसे कुठून गेले. कोथिंबीर केवढ्याची आणि मेथी केवढ्याची असं लिहायला गेलात तर चार दिवसांवर टिकणार नाही. दूध रतीबाचं असेल तर कॅलेंडरवर जसं मांडता तसंच मांडा, महिनाअखेरीला एकदाच वहीत घ्या.

यूपीआयनं पैसे देताना खाली नोट लिहायची जागा असते, तिथं 'भाजी', 'चप्पल', 'नाष्टा' असा एक शब्द टाकायची सवय लावा. दुकानाचं नाव एक असतं आणि स्क्रीनवर येतं मालकाच्या मुलाचं नाव, महिन्याभरानं हिस्ट्री उघडली की हा माणूस कोण आणि त्याला २४० रुपये कशाचे दिले ते काही केल्या आठवत नाही.

रोखीचं वेगळं आहे. रविवारी पाकीट मोजा. मागच्या रविवारी किती होते, मध्ये एटीएममधून किती काढले, आता किती आहेत, आणि लिहिलेलं किती. फरक येणारच. तो शोधत बसू नका, 'किरकोळ' म्हणून एका ओळीत लिहून टाका. फक्त हा किरकोळ आकडा दर आठवड्याला पाचशे-हजारावर जायला लागला तर त्या आठवड्यात रोज रात्री लिहा.

४. रकाने सात-आठच ठेवा

घर (भाडं, लाईट, गॅस, पाणी), किराणा-भाजी-दूध, प्रवास, मुलं-शिक्षण, दवाखाना-औषधं, देणंघेणं-सणवार, हौस, आणि हप्ते. आमच्यात दवाखान्याचा रकाना मुद्दाम वेगळा ठेवलाय, कारण घरात वयस्कर माणसं असली की मिरजेला तपासणीच्या फेऱ्या होतात आणि प्रवास, फी, औषधं, कॅन्टीन असं चार ठिकाणी विखुरलं की एका आजारपणाला किती लागले ते कधीच कळत नाही.

५. खर्च कशाला म्हणायचं आणि कशाला नाही

इथं निवांत वाचा, गोंधळ सगळा इथंच होतो.

*एटीएममधून पैसे काढणं खर्च नाही.* खात्यातले खिशात आले एवढंच. खिशातून गेले की लिहायचे. दोन्ही लिहिलं तर डबल होतं. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात टाकले, मिसेसना जीपे केले, ते पण खर्च नाही.

*पिग्मी, आरडी, बचत गटाचा हप्ता* हे पैसे तुमचेच आहेत, त्यांना 'बचत' असा वेगळा रकाना. पिग्मीवाला रोज शंभर रुपये नेतो म्हणून महिन्याला तीन हजार खर्च झाला असं मांडू नका.

*भिशी* जरा नीट समजून घ्या. दहा जणांची दोन-दोन हजारांची भिशी, दर महिन्याला एकाला वीस हजार. तुमचा नंबर शेवटी लागला तर तुम्ही दहा महिने बचत केली. पण दुसऱ्याच महिन्यात लागला तर तुमचे दोनच हप्ते गेलेत, म्हणजे वरचे सोळा हजार बाकीच्यांचे आहेत आणि पुढचे आठ महिने तुम्ही ते फेडताय. म्हणून नंबर लागायच्या आधीचा हप्ता 'बचत'मध्ये आणि नंबर लागल्यानंतरचा 'हप्ते'मध्ये लिहा. आणि भिशी लागली की ते वीस हजार कमाई म्हणून धरू नका, त्यातून टीव्ही घेतला तर टीव्ही तेवढा खर्चात. बोली लावून उचलायची भिशी असेल तर जेवढे सोडून दिले तेवढं व्याज समजा.

*सोनेतारण* केलं असेल तर आलेली रक्कम उत्पन्न नाही, परत भरलेली मुद्दल खर्च नाही, व्याज तेवढा खर्च. हे व्याज बऱ्याचदा दागिना सोडवताना एकदम भरलं जातं त्यामुळं वर्षभर जाणवत नाही, वहीत मात्र ते दिसलं पाहिजे.

*गाडीचा, घराचा, मोबाईलचा ईएमआय* पूर्ण 'हप्ते'मध्ये लिहा. सुरुवातीला मुद्दल-व्याज फोड करत बसायची गरज नाही.

*क्रेडिट कार्ड* असेल तर वस्तू घेतली त्या दिवशी लिहा, कार्डाचं बिल भरलं त्या दिवशी परत लिहू नका.

*वाण्याची उधारी* पण तशीच. माल आणला त्या दिवशी 'उधार' म्हणून लिहा, पैसे दिले त्या दिवशी वाण्याच्या वहीत वजा करा, खर्चाच्या वहीत परत घेऊ नका.

६. पासबुक ओळ न ओळ वाचा

बॅलन्स बघून पासबुक मिटायचं नाही. मागच्या १२ महिन्यांचं घ्या, हातात पेन घ्या. 'डीआर' लिहिलेलं असतं तिथं पैसे गेलेत, 'सीआर' तिथं आलेत. प्रत्येक डीआरपुढं कशाचे ते लिहायचं. न आठवणाऱ्यांवर गोल करा.

यात हमखास सापडणाऱ्या गोष्टी सांगतो. मे महिन्याच्या शेवटी ४३६ आणि २० रुपये कटलेले दिसतील, ते प्रधानमंत्री जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा योजनेचे. दोन्हीत २-२ लाखांचं कव्हर आहे, पहिलं कोणत्याही कारणानं मृत्यू झाला तर, दुसरं अपघातासाठी. कशाला कटतात म्हणून बंद करू नका, उलट वारस म्हणून नाव कुणाचं लागलंय ते बँकेत जाऊन बघा आणि घरात सांगून ठेवा, कारण घरच्यांना माहीतच नसेल तर क्लेम कोण करणार.

एटीएमचे चार्जेस बघा. आपल्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला ५ व्यवहार फुकट असतात, दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर सांगलीसारख्या ठिकाणी ५ आणि महानगरांत ३. त्यावर गेलं की १ मे २०२५ पासून प्रत्येक वेळी २३ रुपयांपर्यंत आणि वर जीएसटी लागू शकतो. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर नुसता बॅलन्स बघणं पण त्या फुकटच्या व्यवहारांत मोजलं जातं, हे लक्षात ठेवा.

मिनिमम बॅलन्सचा दंड, हप्ता बाऊन्स झाल्याचे चार्जेस, एसएमएस चार्जेस हे सगळं वेगळ्या पानावर काढा. हप्त्याच्या तारखेआधी खात्यात पैसे राहिले असते तर बाऊन्सचे पैसे वाचले असते, आणि हप्त्याची तारीख पगारानंतर घ्यायची सोय बऱ्याच ठिकाणी अर्ज केला की मिळते, विचारून बघा.

यूपीआय अ‍ॅपमध्ये 'ऑटोपे' नावाची जागा शोधा. कधीतरी पोरांनी मॅच बघायला घेतलेलं सबस्क्रिप्शन, एक महिना फुकट म्हणून घेतलेलं कुठलं तरी अ‍ॅप, तिथून दर महिन्याला जात असतं. नको ते तिथंच बंद करता येतं.

यूपीआय लाइट वापरत असाल तर एक ध्यानात घ्या, त्यातून दिलेले चहा-वडापावचे पैसे पासबुकात एकेक दिसत नाहीत, लाइटमध्ये भरलेली एकच रक्कम दिसते. ती फोड अ‍ॅपच्या हिस्ट्रीतूनच बघावी लागते.

आणि एखादी नोंद तुमची नाहीच अशी खात्री झाली तर त्याच दिवशी बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम असा आहे की तुमची किंवा बँकेची चूक नसताना बाहेरच्या कुणी पैसे काढले आणि तुम्ही बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर काही जबाबदारी येत नाही. जेवढा उशीर कराल तेवढी जबाबदारी वाढते. ओटीपी किंवा पिन आपणच सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान आपल्याला सोसावं लागतं.

७. वर्षाचे खर्च शोधून बाराने भागा

बाकी काही केलं नाही तरी एवढं करा. वर्षातून एकदा-दोनदा येणारे सगळे खर्च एका पानावर लिहा. पासबुकात अर्धे सापडतात, उरलेले घरात विचारा, बायकांना बरोबर माहीत असतात. एका चार माणसांच्या घराचा नमुना म्हणून देतोय, तुमचे आकडे वेगळे असतील:

- शाळेची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश: २२,०००
- उन्हाळ्यातली साठवण, गहू-ज्वारी-डाळी आणि चटणी: १२,०००
- गावची जत्रा: ८,०००
- गणपती आणि दिवाळी: १८,०००
- गाडीचा विमा, सर्व्हिसिंग: ६,०००
- आरोग्य विमा: १७,०००
- लग्नकार्य, आहेर: १०,०००
- घरपट्टी, पाणीपट्टी: ३,०००

बेरीज ९६,०००. बाराने भागलं की महिन्याला ८,०००. हे घर वहीत महिन्याला २२,००० लिहीत असेल तर त्यांचा खरा खर्च ३०,००० आहे. पगार ३२,००० असला की त्यांना वाटतं दहा शिल्लक राहतात, मग जातात कुठं? कुठं जात नाहीत, चटणीला मिरची आणायला, ती डंकावर कुटून घ्यायला, जत्रेत पाव्हण्यांना मटणाचं जेवण घालायला आणि जूनमध्ये शाळेत जातात.

जत्रेचं आवर्जून लिहितोय कारण शहरात बसून केलेल्या यादीत ते कधीच नसतं. आपल्याकडं चैत्रात गावोगावच्या जत्रा लागतात, आपल्या गावची एक, सासरची एक, बहिणीच्या गावची एक. वर्गणी, पाव्हणे, मटण, माघारी जाताना पोरांच्या हातात पैसे. हा खर्च बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही, माणसं जोडलेली राहतात त्यानं. पण तो लिहिलेला पाहिजे, म्हणजे त्यासाठी मार्चमध्ये हातउसने घ्यायला लागत नाहीत.

मग हे आठ हजार पगार झाला की दुसऱ्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका किंवा तेवढ्याची आरडी लावा. जूनची फी आली की तिथून काढायची. पहिल्या वर्षी पुरणार नाहीत, कारण मध्येच सुरू केलंत. दुसऱ्या वर्षापासून बसतं.

८. शेती आणि घर वेगळं लिहा

ज्यांच्याकडं शेती नाही त्यांनी हे सोडून पुढं जा.

दूधबिल बहुतेक ठिकाणी दहा दिवसांनी येतं आणि त्यातून पशुखाद्य आधीच वजा झालेलं असतं. ऊसबिलाचंही तसंच, हातात पडते ती रक्कम सोसायटीचं पीककर्ज कापून उरलेली असते. म्हणून हातात आले तेवढेच उत्पन्न असं लिहू नका. पूर्ण बिल उत्पन्नात घ्या. कापलेलं पशुखाद्य शेतीच्या खर्चात जाईल, पण कापलेलं कर्ज हा खर्च नाही, ते जुनं देणं फिटलं. त्या कर्जातून आणलेली खतं-बियाणं आणल्या दिवशीच खर्चात लिहिलेली असतात, परत धरली तर डबल होणार. शेती नफ्यात आहे का घरचा पगार शेतीत जातोय, हे या एका सवयीनं कळतं.

ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) द्यायची असं कायद्यात आहे, तरी पैसे हप्त्यानं येतात हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळं ऊसबिलाच्या भरवशावर तारीख ठरवून कुठलाही ईएमआय घेऊ नका. पीककर्ज वेळेत, म्हणजे दिलेल्या तारखेच्या आत फेडलं तर ३ लाखांपर्यंत राज्याच्या पंजाबराव देशमुख योजनेतून व्याज माफ होतं, तारीख हुकली की ती सवलत जाते. ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहा.

९. घरातल्यांना सोबत घ्या

एकट्यानं लिहिलेला हिशोब अर्धा असतो. पण विचारायची पद्धत असते. 'तू एवढे कशाला घालवलेस' असा सूर लागला की दुसऱ्या दिवसापासून नोंदी लपायला लागतात. आमच्यात एक नियम आहे, प्रत्येकाला हातखर्चाची ठरलेली रक्कम, ती वहीत एका ओळीत लिहायची आणि तिचं काय केलं ते कुणी कुणाला विचारायचं नाही. वडिलांचं तंबाखू-पान, मिसेसचे डब्यातले पैसे, माझा चहा, सगळं त्यात. हा नियम केल्यावर बाकीचं सगळं मोकळेपणानं लिहिलं जायला लागलं.

नदीकाठच्या पेठांत राहत असाल तर महिन्याच्या शेवटी वहीच्या पानांचे, पॉलिसींचे, पासबुकांचे फोटो काढून मेलवर ठेवा. २००५ आणि २०१९ च्या पुरात कित्येक घरांची कागदपत्रं पाण्यात गेलीत.

१०. तीन महिन्यांनी आकडा मिळतो, त्याचं काय करायचं

वर्षाच्या यादीतले खर्च सोडून तीन महिन्यांची सरासरी काढा, त्यात पायरी ७ चा महिन्याचा आकडा मिळवा. वरच्या घराचा तो ३०,००० आला. आता पुढची गणितं सुटतात. आपत्कालीन निधी तीन ते सहा महिन्यांचा लागतो म्हणतात, म्हणजे या घराला ९०,००० ते १,८०,०००. पगार पक्का असेल तर तीन महिन्यांचा चालेल, दुकान, रिक्षा किंवा कंत्राटी काम असेल तर सहाचाच धरा. हे पैसे बँकेत ठेवा, बचत खातं किंवा मोडता येणारी एफडी. बँकेतल्या ठेवीला एका बँकेत एका माणसामागं ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे, सहकारी बँकांनाही आहे, पतसंस्थांना ते नाही. पतसंस्थेत व्याज थोडं जास्त मिळतं म्हणून सगळा आपत्कालीन निधी तिथं ठेवू नका.

टर्म इन्शुरन्सचं पण याच आकड्यावरून ठरतं. घराला वर्षाला ३,६०,००० लागतात, मुलं कमावती व्हायला अजून पंधरा वर्षं आहेत, डोक्यावर गृहकर्ज एवढं आहे, असं एजंटासमोर मांडता आलं की तो सांगेल त्या आकड्यावर मान डोलवायची वेळ येत नाही. एसआयपी शेवटी. निधी जमला, विमा झाला, मग जे खरोखर उरतं त्यातून, पाचशेची असली तरी चालेल.

तीन महिने झाल्यावर रोज लिहायचं का, असं बरेच जण विचारतात. नाही लिहिलं तरी चालतं. वर्षातून दोन महिने, एक पावसाळ्यातला आणि एक सणाचा, पूर्ण लिहा आणि बाकी वेळ फक्त बँक स्टेटमेंट बघा. घरात बाळ आलं, नोकरी बदलली, भाड्याचं घर बदललं की मात्र परत पहिल्यापासून तीन महिने. जुन्या वह्या रद्दीत घालू नका, मागच्या जूनमध्ये फी किती भरली आणि चटणीला मिरची किती किलो आणली ते तिथंच सापडतं.